संगणकांतील तुकडेजोड

शेतीच्या तुकड्यांचा प्रश्न आपल्या जिल्ह्यांतील कोणत्याही घराला नवा नाहीं. आजोबांच्या नांवची सलग जमीन तीन मुलांत वांटली जाते, नातवांच्या वेळीं तिचे नऊ तुकडे होतात, आणि शेवटीं एकेका तुकड्यावर बैलजोडी वळविण्यापुरतीही जागा उरत नाहीं. हा अनर्थ थांबावा म्हणून मुंबई प्रांतांत १९४७ सालीं तुकडेबंदीचा व तुकडेजोडीचा कायदा झाला, आणि पुढें तो महाराष्ट्राच्या इतर भागांसही लागू करण्यांत आला. पुष्कळ गांवीं जुन्या सर्व्हे क्रमांकांच्या जागीं गट क्रमांक आले, ते या एकत्रीकरणामुळेंच.

हाच वांटणीचा आणि जोडणीचा व्यवहार आज शाळेंतील व घरांतील संगणकाच्या पोटांतही चालतो, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. डिस्क नांवाच्या पेटींत आपण लेख, छायाचित्रें, हिशेब असें सर्व कांहीं ठेवतों. त्या पेटीचे भाग पाडतां येतात आणि अनेक पेट्यांचे भाग जोडून एकच मोठें कोठारही करतां येतें. जोडणी चालूं असेपर्यंत कोणास तिची आठवणही होत नाहीं. ती बिघडली म्हणजे मात्र घरोघर आणि शाळोशाळीं एकच सल्ला ऐकूं येतो : "फॉरमॅट मारून टाका." या सल्ल्याविरुद्ध चार शब्द लिहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें : ज्यानें जोडणी केली त्यानें जोडणीचा लेख ठेवला पाहिजे, बिघाड झाल्यावर हात लावण्यापूर्वीं पाहिलें पाहिजे, आणि हें पाहण्याचें शिक्षण कारागिराच्या दुकानांत नव्हे, तर शाळेच्या वर्गांत मिळालें पाहिजे.

प्रथम ही जोडणी म्हणजे काय तें पाहूं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं युनिक्स नांवाची संगणकप्रणाली रचण्यास आरंभ केला. तिच्याच धर्तीवर फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स प्रणालीचा गाभा लिहिला व तो जगास मोकळा करून दिला. शाळांना ही प्रणाली सोयीची आहे. कारण ती विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रांवरही चालते. या जातीच्या प्रणालींत डिस्कच्या एकेका भागास पार्टिशन म्हणतात. कोणता भाग कोठें सुरू होतो व कोठें संपतो याची नोंद डिस्कच्या आरंभींच एका लहानशा तक्त्यांत असते. या तक्त्यास डिस्कचा सातबारा म्हटलें तरी चालेल. त्याच्या जुन्या नमुन्यांत मुख्य भाग चारच पाडतां येत आणि २ टेबीबाइटपलीकडील जागेची नोंद करतां येत नसे. नवा नमुना या दोन्ही अडचणी दूर करतो व आपली दुसरी प्रत डिस्कच्या शेवटींही ठेवतो. आरंभींचा तक्ता खराब झाला तर शेवटचा कामास यावा, ही त्यांतील योजना.

आतां जोडणीकडे वळूं. हाइन्झ माउएल्सहागेन या जर्मन गृहस्थानें १९९८ च्या सुमारास लिनक्ससाठीं एलव्हीएम नांवाची व्यवस्था लिहिली. तिचे तीन थर आहेत. सर्वांत खालीं प्रत्यक्ष डिस्का किंवा त्यांचे भाग. हीं झालीं मूळचीं शेतें. त्यांवर गट, अनेक शेतें मिळून एक गट होतो. शेवटीं त्या गटांतून आपल्या गरजेप्रमाणें नव्यानें आंखून घेतलेले हिस्से. ही व्यवस्था सर्व जागा सारख्या आकाराच्या लहान खणांत मोजते. एक खण सामान्यतः ४ मेबीबाइटचा असतो. एका हिश्श्याचे कांहीं खण पहिल्या डिस्कवर आणि उरलेले दुसरीवर असूं शकतात. वापरणाऱ्यास मात्र तो हिस्सा सलगच दिसतो. या हिश्श्यावर मग फाइलव्यवस्था वसते, म्हणजे आंखलेल्या शेतांत वाफे पाडले जातात व त्यांत पीक उभें राहतें. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या भावकीत 'जीकॉनकॅट' हें साधन आहे, आणि सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें २००५ सालीं मोकळी केलेली झेडएफएस ही व्यवस्था गट आणि फाइलव्यवस्था हे दोन्ही थर एकत्रच सांभाळते. नांवें निराळीं, तत्त्व एकच.

यांत लाभ उघड आहे. शाळेजवळ नवी मोठी डिस्क घेण्यास पैसा नसतो. जुन्या लहान डिस्का मात्र पडून असतात. दोन जोडल्या कीं काम भागतें. परंतु या लाभाची किंमत किती, हें गणिताच्या वर्गांतील मुलांनीं सहज काढावें. हिशेबापुरतें असें समजूं कीं, एक डिस्क एका वर्षांत बंद पडण्याचा संभव शेंकडा ५ आहे. म्हणजे ती टिकण्याचा संभव ०.९५. एकाच कोठारासाठीं दोन डिस्का जोडल्या तर कोठार शाबूत राहण्यास दोन्ही टिकल्या पाहिजेत. तो संभव ०.९५ गुणिले ०.९५, म्हणजे ०.९०२५. संकटाचा संभव शेंकडा ५ वरून पावणेदहावर गेला. चार डिस्का जोडल्या तर तो शेंकडा साडेअठरावर जातो. जितके सभासद अधिक तितकें कोठार मोठें हें खरें. आणि जितके सभासद अधिक तितकें तें नाजूक, हेंही तितकेंच खरें.

याच्या उलट दुसरी एक रीत आहे. दोन डिस्कांवर एकच मजकूर आरशाप्रमाणें लिहीत जावें. एक गेली तरी दुसरी आहेच. वरच्याच हिशेबानें दोन्ही डिस्का त्याच वर्षांत जाण्याचा संभव ०.०५ गुणिले ०.०५, म्हणजे शेंकडा पाव एवढाच उरतो. अमेरिकेंतील बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं १९८८ सालीं अशा रीतींची पद्धतशीर मांडणी केली. रेड हें नांव तेव्हांपासून रूढ झालें. लोक या दोन रीतींची गल्लत करतात. 'आमच्या संगणकांत दोन डिस्का आहेत, तेव्हां आमचें सर्व सुरक्षित आहे,' असें सांगणाऱ्यास एवढेंच विचारावें कीं, त्या दोन डिस्का एकमेकींची प्रत आहेत, कीं एकमेकींचा उरलेला अर्धा भाग आहेत? पहिलें असेल तर आधार आहे. दुसरें असेल तर धोका दुप्पट झाला आहे. आणि आरसा असला तरी त्यास सांठविलेली प्रत समजूं नये. चुकून पुसलेली फाइल आरशांतूनही तत्क्षणीं पुसली जाते.

एक उदाहरण सांगतों. ज्या संगणककक्षाशीं माझा संबंध आहे तेथें एका जुन्या यंत्रांत ५०० गिगाबाइटची एक व ३२० गिगाबाइटची एक अशा दोन डिस्का जोडून कोठार केलेलें होतें. त्यांत स्नेहसंमेलनांचीं छायाचित्रें, मुलांचे निबंध, खेळांच्या सामन्यांच्या नोंदी असा अनेक वर्षांचा सांठा होता. त्यांतील कित्येक मुलें आतां शिकून बाहेरगांवीं गेलीं, कांहींचें लग्नकार्य झालें, आणि एक दोघें तर आज हयात नाहींत. त्यांचें हस्ताक्षर व मुखवटा कोठें उरला असेल तर त्याच डिस्कांवर. दिवाळीच्या सुटीनंतर यंत्र चालूं केलें तेव्हां तें अर्ध्यावर थांबलें आणि पडद्यावर काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी वाक्य आलें. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनीं तें वाचलेंही नाहीं. "डिस्क गेली, फॉरमॅट करावें लागेल," एवढें सांगून ते साधनें काढूं लागले.

नववींतील एका विद्यार्थिनीनें तें वाक्य तोंपर्यंत वहींत उतरून घेतलें होतें. त्याचा अर्थ असा : 'अमुक ओळखक्रमांकाचें उपकरण सांपडत नाहीं.' सांपडत नाहीं, एवढेंच. बिघडलें असें कोणी म्हटलेंच नव्हतें. ज्या शेजाऱ्याचें दार वाजवून उत्तर आलें नाहीं त्याची उत्तरक्रिया कोणी लगेच करीत नाहीं. यंत्र बंद करून, विजेची तार काढून पेटी उघडली तेव्हां दुसऱ्या डिस्कला जाणारी तार सैल झालेली आढळली. तार बदलली, यंत्र चालूं केलें, गट पूर्ण झाला व कोठार जसेंच्या तसें उघडलें. त्या दिवशीं फॉरमॅट केलें असतें तर एका तारेच्या किमतीपायीं तो सर्व सांठा आपल्याच हातानें पुसला गेला असता. आणि हेंही ध्यानांत असावें कीं, अलीकडील एसएसडी जातीच्या डिस्कवर नवी फाइलव्यवस्था मांडतांना जुने खण रिकामे असल्याचें डिस्कला बहुधा आरंभींच कळविलें जातें. मग गेलेलें परत मिळण्याची आशा फारशी राहत नाहीं.

बिघाड शोधण्याचा क्रम तरी कोणता? माझ्या मतें खालून वर जावें. पाया तपासल्यावांचून भिंतीची डागडुजी करूं नये. विद्यार्थ्यांनीं हे प्रश्न याच क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न : यंत्रास डिस्क दिसते काय? 'एलएसबीएलके' ही आज्ञा दिली म्हणजे जोडलेल्या सर्व डिस्का व त्यांचे भाग यांची वंशावळीसारखी यादी पडद्यावर येते. दोन डिस्का असाव्या आणि एकच दिसली, तर दोष तारेंत, विजेंत किंवा खुद्द डिस्कमध्यें आहे. वरच्या थरांत कांहीं शोधण्यांत अर्थ नाहीं. 'डीमेसेज' ही आज्ञा प्रणालीच्या गाभ्यानें लिहिलेली दैनंदिनी दाखविते. वाचतांना डिस्क अडखळत असेल तर तेथें तशी नोंद सांपडते. 'स्मार्टसीटीएल' हें साधन डिस्कनें स्वतःच ठेवलेलें प्रकृतिपत्रक वाचून दाखवितें : किती खण निकामी होऊन बदलले, किती संशयास्पद आहेत, इत्यादि. या तिन्ही आज्ञा अशा वापरल्या तर केवळ पाहणाऱ्या आहेत; त्यांनीं डिस्कवरील मजकुरास बाध येत नाहीं.

दुसरा प्रश्न : नांवांची अदलाबदल झाली काय? लिनक्स डिस्कांना 'एसडीए', 'एसडीबी' अशीं नांवें देतो, परंतु हीं नांवें सांपडण्याच्या क्रमानें पडतात. आज जी 'बी' आहे ती उद्यां एखादा पेनड्राइव्ह लावला असतां 'सी' होऊं शकेल. आपल्या गांवाचेंच पाहा ना! नुसतें 'सिंदी, जिल्हा वर्धा' म्हटलें तर तें सेलू तालुक्यांतील सिंदी रेल्वेही असूं शकेल. आणि नुसतें 'मेघे' म्हणून भागत नाहीं, कारण सावंगी मेघे, बोरगांव मेघे, पिपरी मेघे हींही जवळच आहेत. सिंदी आणि मेघे हे दोन्ही शब्द लिहावे तेव्हां गांव निश्चित होतें. तसाच प्रत्येक फाइलव्यवस्थेस व गटाच्या प्रत्येक सभासदास एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. 'बीएलकेआयडी' ही आज्ञा तो दाखविते. यंत्र चालूं होतांना कोणतें कोठार कोठें उघडावयाचें हें 'एफएसटॅब' नांवाच्या फाइलींत लिहिलेलें असतें. तेथें चंचल नांव न लिहितां हा स्थिर क्रमांक लिहावा, म्हणजे निम्मे घोटाळे होतच नाहींत. त्या फाइलींत लिहिलेली वस्तु न सांपडल्यास आजच्या बहुतेक लिनक्स प्रणाली सुमारें ९० सेकंद वाट पाहून आणीबाणीच्या पडद्यावर थांबतात. ज्या कोठारावांचून यंत्र चालूं होण्यास अडत नाहीं त्याच्या ओळींत 'नोफेल' हा शब्द घातला तर यंत्र अडून न बसतां पुढें जातें.

तिसरा प्रश्न : गट पूर्ण आहे काय? 'पीव्हीएस', 'व्हीजीएस' व 'एलव्हीएस' या तीन आज्ञा अनुक्रमें सभासद, गट व हिस्से यांची पत्रकें देतात. एखादा सभासद गैरहजर असेल तर त्याच्या जागीं 'अज्ञात' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द येतो. येथें फार जपावें. हरवलेला सभासद गटांतून काढून टाकण्याची एक आज्ञा आहे. तिला 'सक्तीनें' हा शब्द जोडला म्हणजे त्या सभासदावर थोडाही भाग असलेले हिस्से समूळ नाहींसे होऊं शकतात. भाऊ बाजाराहून परतण्यास उशीर झाला म्हणून त्याचें नांव सातबाऱ्यावरून खोडण्यासारखेंच हें आहे. त्याऐवजीं गट अर्धवट स्थितींत उघडण्याची सोय आहे. उरलेल्या डिस्कवर जें वाचतां येईल तें अशा वेळीं उतरून घेतां येतें. गटाचा नकाशाच खराब झाला असेल तर निराश होऊं नये. एलव्हीएम त्याची प्रत साध्या वाचतां येण्याजोग्या अक्षरांत 'ईटीसी' या कप्प्याखालीं आपल्या नांवाच्या पोटकप्प्यांत ठेवीत असतो, आणि प्रत्येक फेरफारापूर्वींची स्थितिही तेथें राखून ठेवतो. मात्र ही प्रतही त्याच यंत्रांत असल्यामुळें ती वेळींच कागदावर किंवा दुसऱ्या यंत्रावर उतरून ठेवणें शहाणपणाचें.

चौथा प्रश्न सर्वांत शेवटीं : फाइलव्यवस्थेंत दोष आहे काय? पुष्कळ लोक आरंभ येथूनच करतात आणि फसतात. 'एफएससीके' हें साधन फाइलव्यवस्था दुरुस्त करतें. पण खालचा गट अपुरा किंवा चुकीचा जुळलेला असतां तें चालविलें, तर तें चांगल्या नोंदींनाच चुकीच्या समजून बदलतें. यास्तव तें चालूं वापरांतील कोठारावर कधींही चालवूं नये, आणि प्रथम 'फक्त पाहा, कांहीं बदलूं नको' अशा रीतीनेंच चालवावें.

डिस्क खरोखर आजारी असेल तर दुरुस्तीच्या आधीं प्रत. 'डीडीरेस्क्यू' हें साधन आधीं सुस्थितींतील खण भराभर उतरून घेतें, अवघड खणांकडे नंतर वळतें, आणि कोठवर काम झालें याचा नकाशा एका फाइलींत राखतें. त्यामुळें वीज गेली तरी काम पुन्हां पहिल्यापासून करावें लागत नाहीं. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या पालकांस या सोयीचें मोल सांगावयास नको. प्रत पूर्ण झाल्यावर मूळ डिस्क यंत्रांतून काढून मगच प्रत वापरण्यास घ्यावी. नाहीं तर एकाच ओळखक्रमांकाच्या दोन डिस्का समोर उभ्या राहतात, आणि खरी कोणती व तोतया कोणती हें यंत्रास कळेनासें होतें.

आणखी एक तक्रार वरचेवर येते : 'डिस्क मोठी आहे, पण जागा संपली असें यंत्र म्हणतें.' हा पुष्कळदां बिघाडच नसतो. गटांत जागा मोकळी असते, पण ती कोणत्याच हिश्श्यास दिलेली नसते; किंवा हिस्सा वाढविला, पण त्यांतील फाइलव्यवस्था वाढविली नाहीं. 'डीएफ' आणि 'व्हीजीएस' यांचे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले कीं उलगडा होतो. येथें एक नियम पाठ करावा : वाढवितांना आधीं कोठी, मग धान्य, घटवितांना आधीं धान्य, मग कोठी. धान्य आवरून न घेतां कोठीची भिंत आंत ओढली तर बाहेर सांडलेलें धान्य परत येत नाहीं.

या सर्वांवर आक्षेप घेतले जातील. कोणी पालक म्हणतील, 'माझ्या मुलास कांहीं यंत्रदुरुस्ती करावयाची नाहीं. त्याला परीक्षेंत गुण मिळूं द्या.' मान्य आहे. परंतु वरच्या चार प्रश्नांत यंत्र किती आहे आणि विचार किती आहे हें पाहावें. पुराव्यावांचून निदान करूं नये. जें दिसतें आणि जें आपण तर्कानें म्हणतों, त्यांत भेद करावा. जें परत फिरवितां येत नाहीं असें पाऊल सर्वांत शेवटीं टाकावें. डॉक्टर, वकील, शेतकरी, गृहिणी यांपैकीं कोणास या तीन गोष्टी नकोत? रसायनाच्या प्रयोगशाळेंत आपण मुलांस निरीक्षण आणि अनुमान असे दोन रकाने आंखावयास लावतों. संगणककक्षांत मात्र त्याच मुलांस बटन दाबून मोकळे होण्यास शिकवितों. ही विसंगति मला पटत नाहीं.

दुसरे म्हणतील, 'आतां सर्व कांहीं दूरच्या कंपनीच्या भांडारांत ठेवतां येतें. घरच्या डिस्कची चिंता कशाला?' त्या भांडाराचा उपयोग अवश्य करावा. दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणीं असणें हितकरच आहे. परंतु तें भांडार म्हणजे ढगांत लोंबकळणारी कोणती अद्भुत वस्तु नव्हे. तेथेंही डिस्काच आहेत व त्या जोडलेल्याच आहेत. फरक एवढाच कीं, तेथील पत्रक दुसरा कोणी ठेवतो. परवलीचा शब्द विसरला किंवा वर्गणी थकली तर दार बंद होतें. आपल्या ठेवीचें ज्ञान आपणांस असावेंच.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'या आज्ञा इंग्रजींत, त्यांचीं उत्तरें इंग्रजींत. आमचीं मुलें मराठी माध्यमांतलीं.' ही अडचण खरी आहे, पण ती पूर्वींएवढी राहिलेली नाहीं. मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखालीं उभ्या राहिलेल्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पानें लिनक्सचे प्राथमिक पाठ मराठी आवाजांतही तयार केले आहेत, व ते विनामूल्य आहेत. सी-डॅक या सरकारी संस्थेनें बॉस नांवाची लिनक्सची भारतीय आवृत्ति काढली असून तींत मराठीसह आपल्या देशांतील अनेक भाषांची सोय आहे. शिवाय ज्या विद्यार्थिनीचें उदाहरण वर दिलें तिनें इंग्रजीच्या पांडित्यावर कांहीं केलें नाहीं. तिनें वाक्य उतरून घेतलें आणि शब्दकोश उघडला. एवढें कोणतेंही मूल करूं शकेल.

आतां करावें काय, तें सांगून लेख आटोपतों. प्रत्येक शाळेनें संगणककक्षांत एक जाड नोंदवही ठेवावी व प्रत्येक यंत्रास तींत एक पान द्यावें. त्या पानावर मराठींत लिहावें : डिस्का किती, प्रत्येकीचा आकार व ओळखक्रमांक काय, कोणती कोणत्या गटांत आहे, गटांतून हिस्से कोणते काढले, जोडणी कोणत्या तारखेस व कोणी केली, आणि दुसरी प्रत कोठें आहे. प्रत असली तरी ती सहा महिन्यांतून एकदां उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही न वटविलेल्या हुंडीसारखी असते. ज्या सांठ्यास दुसरी प्रत नाहीं तो अनेक डिस्कांवर पसरूं नये, असा नियमच करावा.

विद्यार्थ्यांनीं या गोष्टींचा सराव खऱ्या कोठारावर करूं नये. त्याची गरजही नाहीं. लिनक्समध्यें साधी फाइलही डिस्क म्हणून वापरतां येते. शंभर शंभर मेगाबाइटच्या तीन रिकाम्या फाइली कराव्या, त्यांचा गट बांधावा, त्यांत चार चित्रें ठेवावीं. मग एक फाइल मुद्दाम काढून घ्यावी आणि काय दिसतें तें वहींत लिहावें. ती परत जोडावी व पुन्हां लिहावें. बेडूक कापण्याहून हा प्रयोग निश्चित निरुपद्रवी आहे, आणि बिघाडाची भीति घालविण्यास यासारखा उपाय नाहीं.

पालकांस एवढीच विनंति कीं, घरचा संगणक अडला म्हणजे दुरुस्त करणाऱ्यास पैसे देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. पडद्यावर नेमकें काय लिहून आलें? डिस्क यंत्रास दिसते कीं नाहीं? फॉरमॅट करण्याआधीं जुन्या डिस्कची प्रत कोठें ठेवणार? प्रामाणिक कारागीर या प्रश्नांनीं रागावणार नाहीं. त्याची उत्तरें तयारच असतात. जो रागावेल त्याच्या हातीं मुलांचीं बाळपणींचीं छायाचित्रें आणि घरच्या वडीलधाऱ्यांचे आवाज सोंपवावे कीं नाहीं, याचा निर्णय पालकांनींच करावा. नवी डिस्क बाजारांत केव्हांही मिळते. तिच्यांत काय होतें तें मात्र कोणत्याच दुकानीं मिळत नाहीं.